दवाखाना सुधारायची कल्पना सुचली, पण मांडायची कोणाकडे आणि कशी?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे ते वेगळं. धामणगाव बढेला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं ताप-खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्यासाठी अशाच केंद्रांवर येतात. सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे.

एवढ्या लोकांचा राबता असलेल्या ठिकाणी काय बदलायला हवं, हे तिथे काम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ओपीडीची रांग नेमकी कुठे तुंबते ते फार्मासिस्टला माहीत असतं. रात्री बाळंतपणाची केस आली की कोणत्या कपाटाची किल्ली सापडत नाही, हे रात्रपाळीची सिस्टर सांगू शकते. कचऱ्याच्या पिशवीत सुई कोणामुळे आणि का जाते, हे सफाई कामगाराला कळतं, कारण टोचते ती त्याला. पण या गोष्टी चहाच्या वेळी बोलल्या जातात आणि तिथेच विरतात. 'साहेबांना सांगितलं होतं, काही झालं नाही' या वाक्यावर बहुतेक चांगल्या कल्पनांचा शेवट होतो.

खरं तर कल्पना मांडण्याची वाट आहे. ती फारशी कोणी नीट समजावून सांगत नाही, एवढंच.

आधी दार ओळखा

बाहेरून सगळे सरकारी दवाखाने सारखेच दिसतात, पण त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणजे धामणगाव बढेच्या केंद्रातली कल्पना आधी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मोताळ्याच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि तिथून बुलढाण्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय हे जिल्हा शल्य चिकित्सकांच्या, म्हणजे लोक ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्या अखत्यारीत येतात. सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असेल तर तिथे अधिष्ठाता. मुंबईसारख्या शहरात महापालिकेची रुग्णालयं आणखी निराळी.

चुकीच्या दारात दिलेला अर्ज कोणी फेकून देत नाही. तो 'योग्य कार्यवाहीसाठी' पुढे पाठवला जातो. मग पुढे पाठवत पाठवत वर्ष जातं.

यातल्या प्रत्येक दाराची ताकदही वेगळी आहे. टेबलाची जागा बदलणं, रांगेला दोरी लावणं, औषधाच्या कपाटावर नावं चिकटवणं हे वैद्यकीय अधिकारी त्याच दिवशी करू शकतात. नवीन खोली बांधणं किंवा एक जादा नर्स मिळवणं त्यांच्या हातात नसतं. कल्पना जितक्या खालच्या दारात मंजूर होऊ शकते, तितकी ती जगण्याची शक्यता जास्त. म्हणून मोठी कल्पना असली तरी तिचा सगळ्यात छोटा तुकडा कोणता, हे आधी शोधलेलं बरं.

पैसे कुठून येतात?

'निधी नाही' हे उत्तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. अनेकदा ते खरंही असतं. पण छोट्या कामांसाठी पैशाचं एक खातं प्रत्येक केंद्राकडे असतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून अबंधित निधी मिळतो. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा हे वरून आधीच ठरवून दिलेलं नाही, स्थानिक गरज पाहून ठरवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी याचा निकष वर्षाला १.७५ लाख रुपयांचा आहे. प्रत्यक्षात हातात किती पडतं ते केंद्राचं काम आणि मागच्या वर्षीचा खर्च यावर ठरतं.

हा पैसा कशावर लावायचा ते रुग्ण कल्याण समिती ठरवते. समितीत लोकप्रतिनिधी आणि अधिकारी असतात, वैद्यकीय अधिकारी सचिवाचं काम पाहतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या पातळीवर जन आरोग्य समिती असते. आपल्या दवाखान्याच्या समितीवर कोण कोण आहे हे गावातल्या बहुतेकांना माहीत नसतं. खरं तर कल्पना मांडायची पहिली खरी बैठक हीच.

गंमत म्हणजे ही रुग्ण कल्याण समिती स्वतःच कधीकाळी अशी एक स्थानिक कल्पना होती. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. होळकरांच्या नावाचं हे मोठं सरकारी रुग्णालय. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी लोकांच्या मदतीने रुग्णालय रिकामं करून साफ करून घेतलं. मग प्रश्न आला, पुन्हा तसंच होऊ नये म्हणून काय करायचं? त्यातून नागरिक आणि प्रशासन मिळून रुग्णालय चालवायला हातभार लावणारी समिती उभी राहिली. मध्य प्रदेशभर ती पसरली, २००० साली तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली.

सुरुवातीच्या समित्यांना रुग्णांकडून घेतलेल्या शुल्काचा आधार असायचा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केस पेपरचे पैसेही गेले. रुग्णांसाठी ही चांगलीच गोष्ट, पण समितीच्या हातातला तो छोटा प्रवाह आटला. त्यामुळे आता अनुदान वेळेत आणि नीट खर्च होणं जास्त महत्त्वाचं झालंय.

याहून मोठा खर्च असेल तर रस्ता लांबतो. आरोग्य अभियानाचा आराखडा खालून वर, म्हणजे केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य असा बनत जातो. जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक योजनेत 'नाविन्यपूर्ण योजना' या नावाने तरतूद असते, तिथेही प्रस्ताव देता येतो. दोन्हींसाठी वेळ साधावी लागते. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे हिवाळ्यात आराखडे बनत असताना कल्पना टेबलावर हवी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कोणाकडेही नवी कल्पना घेऊन जाऊ नये. तेव्हा सगळे जुना खर्च जुळवत बसलेले असतात.

एक उदाहरण: सुईचा डबा

आता हे सगळं एका छोट्या कल्पनेवर लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला धोका आणि नियम खरे आहेत.

समजा, एका केंद्रात इंजेक्शन देण्याचं टेबल खोलीच्या एका टोकाला आहे आणि वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा दुसऱ्या टोकाला. गर्दीच्या दिवशी सिस्टर सुई हातात घेऊन खोली ओलांडते, नाहीतर तात्पुरती ट्रेमध्ये ठेवते. कधी घाईत तिच्यावर पुन्हा टोपण लावते. नेमक्या अशाच वेळी सुई टोचते.

टोचलेली सुई ही किरकोळ जखम नाही. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि कर्मचाऱ्याने लस घेतलेली नसेल तर संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के सांगितला जातो. एचआयव्हीचा धोका बराच कमी, सुमारे ०.३ टक्के. पण त्यासाठीचं प्रतिबंधक औषध लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. त्या काळात घरी जाऊन लेकराला जेवायला वाढणाऱ्या नर्सच्या मनात काय चालत असेल, ते आकड्यात येत नाही.

सिस्टरची कल्पना साधी आहे: डबा टेबलाला लागून, हाताच्या अंतरावर, स्टँडवर बसवायचा. ही कल्पना 'डबा जवळ हवा' असं तोंडी सांगून सुटली तर बहुधा तिथेच राहील. पण समजा, सिस्टरने आधी दोन आठवडे एका कागदावर रेघा मारल्या. किती वेळा सुई ट्रेमध्ये ठेवावी लागली, किती वेळा पुन्हा टोपण लावलं गेलं, कोणाला टोचलं का. आता तिच्या हातात तक्रार नाही, मोजणी आहे.

शिवाय नियम तिच्या बाजूने आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे सुया-ब्लेड पांढऱ्या, न फुटणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यातच जायला हव्यात. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारीही याच नियमांनी रुग्णालयावर टाकली आहे. म्हणजे ती काही नवीन मागत नाही, जे करायलाच हवं ते सोपं करून देतेय. सरकारी कार्यालयात कल्पना खपवायची ही सगळ्यात मजबूत बाजू: 'यामुळे आपण नियमात बसतो.'

एका पानाचा अर्ज

पॉवरपॉइंट, लोगो, 'इनोव्हेशन' अशा शब्दांची गरज नाही. एक पान पुरतं आणि ते ओळखीच्या साच्यात असलं की वाचलं जातं. वरच्या उदाहरणाचा अर्ज साधारण असा दिसेल:

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, …
विषय: इंजेक्शन कक्षात सुयांचा डबा टेबलालगत बसवण्याबाबत.

महोदय/महोदया,
इंजेक्शन कक्षात डबा टेबलापासून दूर असल्याने वापरलेली सुई हातात घेऊन चालावे लागते. दि. … ते दि. … या १४ दिवसांत सुई ट्रेमध्ये ठेवावी लागण्याचे प्रसंग … व पुन्हा टोपण लावण्याचे प्रसंग … झाले (नोंद सोबत जोडली आहे). टेबलालगत भिंतीवर स्टँड बसवल्यास हे टळेल. स्टँडचे स्थानिक दरपत्रक सोबत आहे. खर्च अबंधित निधीतून करता येईल. एक महिना वापरून पुन्हा १४ दिवस हीच मोजणी करून आपणास सादर करीन. तरी परवानगी मिळावी व विषय रुग्ण कल्याण समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा, ही विनंती.

यातलं शेवटून दुसरं वाक्य लोक हमखास विसरतात. 'एक महिना करून बघू, मग मोजून दाखवते' असं म्हटलं की साहेबांना कायमचा निर्णय घ्यावा लागत नाही. होकार देणं सोपं होतं. जमलं नाही तर स्टँड काढून ठेवता येतो.

अर्जाची दुसरी प्रत घेऊन जावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यावा. ही पोच म्हणजे भांडणाची तयारी नव्हे. पुढच्या वेळी 'कोणता अर्ज?' असा प्रश्न आला तर शोधायला सोपं पडतं, एवढाच तिचा उपयोग. वरच्या कार्यालयाला लिहायचं असेल तर कर्मचाऱ्याने ते आपल्या वरिष्ठांमार्फतच पाठवावं. थेट वर पाठवलेल्या चांगल्या कल्पनेलाही 'आम्हाला डावलून' हा वास लागतो आणि मग कल्पनेवर बोलणं बाजूलाच राहतं.

मोजणीचा फायदा गडचिरोलीत दिसला

आधी मोजा, मग मागा. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण विदर्भातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत आणली, ती गावातल्या बायकांना शिकवून. पण सुरुवात त्यांनी उपचारापासून केली नाही. आधी गावोगाव बाळांचे जन्म आणि मृत्यू मोजले. ३९ गावांत काम केलं आणि तुलनेसाठी दुसरी गावं ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तुलनेची गावं नसती तर 'पाऊसपाणी चांगलं होतं म्हणून झालं असेल' असं कोणीही म्हणू शकलं असतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली.

रुग्णालयाच्या चार भिंतींतलं उदाहरण हवं असेल तर मुंबईचं सायन रुग्णालय. नाव लोकमान्य टिळक रुग्णालय, पण सगळे सायनच म्हणतात. नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांच्याकडून ते घ्यायचं, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करायचं, गोठवून ठेवायचं आणि ज्या अशक्त बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांना द्यायचं. 'दुसरीचं दूध' ही गोष्ट नातेवाइकांच्या गळी उतरवायची होती, महापालिकेच्या मोजक्या साधनांत बसवायची होती. सरकारी रुग्णालयांत अशा दूध पेढ्या आणि स्तनपान केंद्रं कशी चालवावीत याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली २०१७ मध्ये. सायनच्या पेढीनंतर २८ वर्षांनी. पण त्या २८ वर्षांत सायनमधल्या बाळांना दिल्लीतल्या कागदाची वाट पाहावी लागली नाही.

हुकूम काढून का होत नाही?

कल्पना वरून आदेश काढून लादली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनआधी म्हणायची १९ मुद्द्यांची एक यादी बनवली. रुग्ण तोच ना, ऑपरेशन कोणत्या बाजूला, प्रतिजैविक दिलं का, असे साधे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ती वापरली गेली. २००९ मध्ये निकाल छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. साहजिकच अनेक ठिकाणी ती सक्तीची झाली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाल्यावर अभ्यास केला गेला. २०१४ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही.

यादी तीच होती. यावर बरीच चर्चा झाली आणि एक पटणारं स्पष्टीकरण असं की फक्त टिकमार्क करणं आणि खरंच थांबून एकमेकांना विचारणं यात फरक असतो. ज्यांना ती वापरायची आहे त्यांना ती आपली वाटली नाही तर ती आणखी एक फॉर्म होते.

आपल्याकडे तर फॉर्म आणि रजिस्टरांचा आधीच डोंगर आहे. एएनएम आणि आशांच्या तक्रारींत लिखापढीचं ओझं कायम वरच्या क्रमांकावर असतं. म्हणून ज्या कल्पनेत 'यासाठी एक नवीन रजिस्टर ठेवावे' असं वाक्य येतं, तिच्याकडे संशयानेच पाहावं. एखादं जुनं रजिस्टर बंद करणारी कल्पना असेल तर तिला मात्र सगळा स्टाफ डोक्यावर घेईल. अर्ज देण्याआधी ज्यांचं काम बदलणार आहे त्या चार-पाच जणांशी बोलणं, त्यात सफाई कामगार आणि ड्रायव्हरही आले, हे अर्ज लिहिण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

बक्षिसाच्या योजनाही आहेत

केंद्र सरकारची 'कायाकल्प' योजना मे २०१५ पासून सुरू आहे. स्वच्छता, कचरा, संसर्ग नियंत्रण, परिसर यांची तपासणी होते, ७० टक्के गुण मिळाले की दवाखाना पात्र ठरतो. जिल्ह्यातल्या सर्वोत्तम प्राथमिक आरोग्य केंद्राला २ लाख आणि पात्र ठरलेल्या इतर केंद्रांना ५०,००० रुपये अशी बक्षिसांची रचना आहे. अर्जात 'कायाकल्पच्या तपासणीत या मुद्द्याला गुण आहेत' असं लिहिता आलं तर वैद्यकीय अधिकाऱ्याचं लक्ष जातंच. सेवेच्या दर्जासाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं वेगळी आहेत. राज्य शासनाची राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियान स्पर्धाही सरकारी कार्यालयांतल्या नव्या उपक्रमांसाठीच असते. मात्र बक्षिसासाठी रंगवलेली भिंत आणि रोज वापरात असलेला हात धुण्याचा नळ यातला फरक तपासणी संपल्यावर कळतो.

रुग्ण किंवा गावकरी काय करू शकतात?

हा रस्ता फक्त कर्मचाऱ्यांसाठी नाही. ग्रामसभेत विषय मांडता येतो, समितीच्या सदस्याला गाठता येतं, वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी सूचना देता येते. मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकणं सोपं असतं, लाइकही मिळतात. पण त्यात एखाद्या बाईचा चेहरा, केस पेपर किंवा आजार दिसला तर नुकसान तिचं होतं. आणि बदनाम झालेला स्टाफ पुढच्या सूचनेला दार बंद करतो. कर्मचाऱ्यांना तर त्यांचे सेवा वर्तणुकीचे नियम लागू असतात, त्यांनी दवाखान्याच्या त्रुटी समाजमाध्यमांवर मांडणं अंगाशी येऊ शकतं.

नकार आला तर कारण विचारून घ्यावं. खर्चामुळे असेल तर बिनखर्चाचा तुकडा मागावा. वर दिलेल्या उदाहरणात स्टँड नाही मिळाला तरी टेबल उचलून डब्याजवळ नेता येतंच.

सगळ्यात जास्त कल्पना मरतात त्या मात्र नकाराने नाही, बदलीने. ज्या सिस्टरने डबा बसवून घेतला ती दुसऱ्या केंद्रावर जाते, नवीन येणाऱ्या सिस्टरला स्टँड अडचणीचा वाटतो आणि डबा पुन्हा कोपऱ्यात जातो. म्हणून मोजणीचा तो कागद, मंजुरीचं पत्र आणि 'हे इथे का आहे' हे सांगणाऱ्या दोन ओळी चार्ज देताना फाइलीत लावून ठेवाव्यात, आणि एक प्रत डब्याच्या वर भिंतीवर.